अंकीय पिन आणि बॅटरीचा दाब

कोणतेही मापन अखेर तुलनाच असते. १८४१ साली जर्मन पदार्थवैज्ञानिक पोगेनडॉर्फ यांनी मांडलेल्या प्रतिपूर्ती-पद्धतीत अज्ञात विद्युत दाबासमोर ज्ञात दाब उभा केला जातो, आणि गॅल्व्हानोमीटरने केवळ ‘कमी की अधिक’ एवढेच सांगावयाचे असते. १८९३ साली एडवर्ड वेस्टन यांनी तयार केलेला कॅडमियम घट २० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे १.०१८ व्होल्ट दाब देतो. अशा तुलनांमध्ये तो दीर्घकाळ प्रमाण म्हणून वापरला गेला. या पद्धतीचे सामर्थ्य गॅल्व्हानोमीटरच्या आकडेपट्टीत नाही. ते प्रमाण घटाच्या स्थिरतेत आहे.

मायक्रोकंट्रोलरची अंकीय प्रवेश-पिन ही याच जातीची वस्तू होय. तिच्यावर कितीही दाब असो, तिचे उत्तर शून्य किंवा एक. एवढ्यावरून ‘या पिनेने बॅटरीचा दाब मोजता येणार नाही’ असा निष्कर्ष अनेक विद्यार्थी काढतात. काही जण उलट दोन रोध जोडून मिळालेल्या उत्तरावर निःशंकपणे विसंबतात. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पिनेचे उत्तर विश्वसनीय आहे की नाही हे ती कशाशी तुलना करीत आहे, आणि ती वस्तू किती स्थिर आहे, यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात हाच मुद्दा प्रत्यक्ष आकड्यांच्या आधारे पाहावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

उदाहरणादाखल एक नोंदयंत्र घेऊ. दूरच्या विहिरीवर पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी नोंदविणारे हे यंत्र १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीवर चालते. बॅटरी सौर फलकाने भारित होते. मायक्रोकंट्रोलरला रेग्युलेटरमधून ३.३ व्होल्ट दाब मिळतो. नियंत्रक म्हणून सर्वपरिचित एटीमेगा-३२८पी धरू. त्यात अंकरूपांतरक आहे खरा; परंतु त्याचे मार्ग संवेदकांनी व्यापलेले असतात, आणि काही स्वस्त नियंत्रकांत तो मुळीच नसतो. शिवाय या नियंत्रकातील दहा अंशांचा रूपांतरकही आतून एका तुलनाकारकावरच चालतो. तो क्रमाक्रमाने दहा वेळा ‘कमी की अधिक’ असे विचारतो. तेव्हा एका पिनेचा विचार हा रूपांतरकाच्या मुळाचाच विचार आहे.

पूर्ण भारित व विश्रांत अवस्थेतील अशा बॅटरीचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट असतो, आणि भारित होताना तो १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. सावकाश विसर्जनात १०.५ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक घटास १.७५ व्होल्ट, ही शेवटची मर्यादा मानतात. तिच्याखाली बॅटरी वारंवार गेली तर पट्ट्यांवरील शिशाच्या सल्फेटाचे स्फटिक कठीण होतात आणि क्षमता कायमची घटते. दाब पुरेसा नसताना स्मृतिपत्रावर लेखन चालू राहिले, तर ती नोंद अर्धवट राहतेच, पण पूर्वीच्या नोंदीही बिघडू शकतात. पावसाळ्यात आठ दिवस ऊन नसताना, म्हणजे पातळीची नोंद सर्वांत मोलाची असते त्याच वेळी, ही आपत्ती संभवते.

नियंत्रकात अल्पदाब-संसूचक असतो, मग वेगळ्या निरीक्षणाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रेग्युलेटरमध्ये आहे. बॅटरी ११ व्होल्टवर असो की ८ व्होल्टवर, रेग्युलेटर आपल्या निर्गमावर ३.३ व्होल्टच देतो. नियंत्रकाला बॅटरीची अवस्था कळतच नाही. आतील संसूचक बोलू लागेल तोपर्यंत बॅटरी बिघडलेली असेल. म्हणून बॅटरीचा दाब रेग्युलेटरच्या अलीकडूनच पिनेपर्यंत आणला पाहिजे.

उंबरठा आणि त्याची हमी

पिनेवर बॅटरी थेट जोडता येत नाही. पिनेचा दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक चढू नये, अशी या नियंत्रकाची मर्यादा आहे. म्हणून दोन रोधांचा विभाजक घ्यावा. वरचा रोध १०० किलोओहम व खालचा १६.२ किलोओहम घेतल्यास बॅटरीच्या दाबाचा सुमारे ७.१७वा भाग पिनेवर येतो. १४.४ व्होल्टला पिनेवर २.०१ व्होल्ट येतात, म्हणजे पिनेस धोका नाही. पुरवठा बंद असतानाही वरच्या रोधातून नियंत्रकात जाणारा प्रवाह ०.१४ मिलिअँपिअरच्या आत राहतो.

आता तुलनेचा विचार करू. ज्या दाबाला पिनेचे उत्तर शून्याचे एक होते त्यास आपण उंबरठा म्हणू. हा उंबरठा निश्चित किती, हे निर्माता सांगत नाही. पुरवठा २.४ ते ५.५ व्होल्ट असता, पुरवठ्याच्या ०.३ पटीखालील दाब शून्य वाचला जाईल आणि ०.६ पटीवरील दाब एक वाचला जाईल, एवढीच हमी तो देतो. ३.३ व्होल्ट पुरवठ्यासाठी या मर्यादा ०.९९ व १.९८ व्होल्ट होतात. वरील विभाजकाने गुणल्यास बॅटरीच्या बाजूला त्या ७.१ व १४.२ व्होल्ट ठरतात.

या दोन आकड्यांचा अर्थ असा की, केवळ हमीवर विसंबल्यास उत्तर एक आले तर बॅटरी ७.१ व्होल्टखाली नाही, आणि शून्य आले तर ती १४.२ व्होल्टवर नाही, एवढेच खात्रीने म्हणता येईल. आपणांस जे जाणून घ्यावयाचे आहे ते सर्व या दोहोंमधील अनिश्चित पट्ट्यात आहे. दोन रोध जोडून निर्धास्त होणाऱ्याने हे गणित एकदा तरी करून पाहावे.

प्रत्यक्षात एखाद्या विशिष्ट नगाचा उंबरठा या पट्ट्यात कोठेतरी ठरलेला असतो, आणि तो आपण प्रयोगशाळेत शोधू शकतो. बदलता दाब देणारा पुरवठा व भरवशाचा व्होल्टमीटर घेऊन, पिनेचे उत्तर बदलताना पिनेवर किती दाब आहे तो टिपावा. यालाच अंशशोधन म्हणतात. ते प्रत्येक नगासाठी स्वतंत्र करावे लागते, आणि यंत्र उघड्यावर राहणार असेल तर निदान दोन तापमानांना करावे लागते. समजा हा उंबरठा १.६ व्होल्ट निघाला. तर आपल्या विभाजकाने बॅटरीची सीमा ११.४८ व्होल्ट ठरते.

येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, विभाजक जसा दाबाला भागतो तसा चुकीला गुणतो. उंबरठा ०.०५ व्होल्टने सरकला तर बॅटरीची सीमा ०.३६ व्होल्टने सरकते. दुसरी गोष्ट अशी की, या पिनांच्या प्रवेशाशी श्मिट-परिपथ असतो. १९३८ साली ऑटो श्मिट यांनी प्रसिद्ध केलेल्या या कल्पनेनुसार चढताना व उतरताना उंबरठे वेगवेगळे असतात, त्यामुळे पिनेचे उत्तर तिच्या पूर्वस्थितीवर अवलंबून राहते. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक वाचनापूर्वी तीच पिन क्षणभर निर्गम करून शून्यावर आणावी, मग प्रवेश म्हणून सोडावी, आणि दाब स्थिरावल्यावर वाचावी. म्हणजे नेहमी चढता उंबरठाच लागू होतो. दोन वाचनांच्या मधल्या काळातही पिन शून्यावरच धरून ठेवावी. कारण प्रवेश-पिन मधल्याच दाबावर लोंबकळत राहिली, तर तिच्या आतील दोन्ही ट्रान्झिस्टर काही अंशी वाहू लागतात आणि व्यर्थ प्रवाह खर्च होतो.

एका पिनेच्या दोन सीमा

सीमा एकच असेल तर आणखी एक अडचण येते. भार तोडला की बॅटरीचा दाब काहीसा वर येतो. यंत्र त्यास सुधारणा समजून भार पुन्हा जोडते, दाब पुन्हा पडतो, आणि ही उघडझाप चालूच राहते. म्हणून भार ११.५ व्होल्टला तोडावा व १२.५ व्होल्टपर्यंत दाब आल्याशिवाय पुन्हा जोडू नये, अशा दोन सीमा हव्यात.

त्यासाठी दुसरा विभाजक लागत नाही. विभाजकाच्या मध्यबिंदूपासून १६० किलोओहमचा तिसरा रोध दुसऱ्या एका पिनेला जोडावा. ती पिन प्रवेश म्हणून ठेवली तर तो रोध जणू परिपथात नाहीच. ती निर्गम करून शून्यावर आणली तर तो खालच्या रोधास समांतर येतो. खालचा रोध १४.७ किलोओहम होतो आणि सीमा ११.४८ वरून १२.४८ व्होल्टवर जाते. याप्रमाणे आणखी पिना व रोध वाढवून अनेक सीमा निर्माण करता येतात, आणि त्या एकामागून एक विचारल्या की आपण अंकरूपांतरकाच्याच पद्धतीपर्यंत येऊन पोचतो. तथापि सर्व सीमा त्याच एका उंबरठ्यावर उभ्या आहेत, हे विसरता कामा नये. सीमांची संख्या वाढल्याने उत्तर बारीक होते. ते अधिक खरे होतेच असे नाही.

दाबाऐवजी काळ

पिनेला दाबाचे दोनच प्रकार कळत असले तरी नियंत्रकाला काळ फार बारकाईने मोजता येतो. तेव्हा दाबाचे रूपांतर काळात करणे हा दुसरा मार्ग होय. १९७७ सालच्या ॲपल-२ संगणकात खेळाच्या मुठीची स्थिती अशाच रीतीने, धारित्र भारित होण्याच्या काळावरून, एका अंकीय प्रवेशाने वाचली जात असे. तेथे अज्ञात राशी रोध ही होती. येथे ती दाब आहे.

पिनेला ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे. पिन निर्गम करून ते रिकामे करावे, मग पिन सोडून देऊन १०० किलोओहमच्या रोधातून बॅटरीने ते भारित होऊ द्यावे, आणि उत्तर एक होईपर्यंतचा काळ मोजावा. रोध ‘र’, धारकता ‘ध’, बॅटरीचा दाब ‘ब’ व उंबरठा ‘उ’ धरल्यास तो काळ

क = र × ध × लॉग [ब ÷ (ब − उ)]

इतका असतो. येथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिथम. आपल्या आकड्यांनी र × ध हा गुणाकार १० मिलिसेकंद होतो. उंबरठा १.६ व्होल्ट असता, १२.५ व्होल्टला काळ १.३७० मिलिसेकंद येतो आणि ११.५ व्होल्टला १.४९८ मिलिसेकंद. एका व्होल्टमागे १२८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे एक मायक्रोसेकंद मोजणाऱ्या घड्याळाला सुमारे ८ मिलिव्होल्टचा बदल दिसतो.

परंतु दिसणे व जाणणे यांत अंतर आहे. या काळात धारित्राची धारकता शिरली आहे, आणि सिरॅमिक धारित्रे तापमानाने बदलतात. म्हणून त्याच धारित्राने एक ज्ञात दाबही मोजावा. दुसऱ्या पिनेकडून, तेवढ्याच १०० किलोओहमच्या दुसऱ्या रोधातून, रेग्युलेटरचा ३.३ व्होल्ट दाब द्यावा; बॅटरीकडील रोध या वेळी ट्रान्झिस्टरने तोडलेला असावा. हा संदर्भ-काळ ६.६३ मिलिसेकंद येतो. दोन काळांचे गुणोत्तर घेतले की रोध व धारकता दोन्ही छेदल्या जातात. उरतो तो उंबरठा. पण त्याचाही उपद्रव घटतो. उंबरठा १.६ ऐवजी १.६५ व्होल्ट झाला तर दोन्ही काळ लांबतात, आणि त्यांचे गुणोत्तर केवळ एक टक्क्याने बदलते. ११.५ व्होल्टची बॅटरी आपणांस ११.६२ व्होल्टची भासेल. विभाजकाच्या पद्धतीत याच कारणाने ०.३६ व्होल्टची चूक होत होती. येथे ती ०.१२ व्होल्टवर आली. लाभाचे कारण घड्याळाची सूक्ष्मता नव्हे, तर तुलनेत ज्ञात दाब आणून बसविला हे होय. अर्थात रेग्युलेटरचा दाब जितका खरा, तितकेच हे मापन खरे.

उंबरठा पिनेबाहेर नेणे

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे निर्णय पिनेकडून काढून घेणे. टीएल-४३१ या तीन टोकांच्या घटकात २.४९५ व्होल्टचा संदर्भ अंतर्भूत असतो. त्याच्या संदर्भ-टोकाचा दाब याहून अधिक झाला की त्याचा कॅथोड वाहू लागतो. बॅटरीपासून ३६ व १० किलोओहमचा विभाजक त्या टोकाला जोडल्यास सीमा ११.४८ व्होल्ट येते. टोकात शिरणाऱ्या सुमारे २ मायक्रोअँपिअर प्रवाहाची भर धरून ती ११.५५ व्होल्ट होते. एक टक्का अचूकतेचा नग घेतला, तर त्याच्यामुळे सीमेत येणारी चूक कोणतेही अंशशोधन न करता ०.१२ व्होल्टच्या आत राहते.

मात्र येथे एक खाच आहे. हा घटक पूर्ण वाहत असतानाही त्याच्या कॅथोडवर सुमारे २ व्होल्ट उरतात, आणि आपली पिन १.९८ व्होल्टवरील दाबाला एक म्हणते. कॅथोड थेट पिनेला जोडला तर तिला नेहमी एकच वाचता येईल. म्हणून कॅथोडला ४.७ किलोओहमच्या रोधातून बॅटरीचा दाब द्यावा, आणि कॅथोडपासून पिनेपर्यंत ३० व १० किलोओहमचा विभाजक ठेवावा. बॅटरी सुस्थितीत असता पिनेवर ०.५ व्होल्ट येतील. ती सीमेखाली गेली की सुमारे २.५७ व्होल्ट येतील. पहिला आकडा ०.९९च्या बराच खाली व दुसरा १.९८च्या बराच वर आहे. निर्मात्याच्या ज्या हमीने पूर्वी आपणांस निराश केले, तीच आता पुरेशी ठरते. संशयास्पद पट्टा पिनेत अजूनही आहेच; पण आपला दाब त्या पट्ट्यात रेंगाळत नाही.

या मांडणीचा दोष म्हणजे तिचा खर्च. दोन्ही शाखांत मिळून सुमारे अडीच मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला ६० मिलिअँपिअर-तास जातात. ७ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यानेच चार महिन्यांत रिकामी होईल. रखवालदारानेच कोठार संपवावे, असा हा प्रकार आहे. यास्तव हा परिपथ ट्रान्झिस्टरमार्गे केवळ वाचनाच्या वेळी, दहा मिनिटांतून काही मिलिसेकंद, चालू करावा.

रास्पबेरी पाय या अंकरूपांतरक नसलेल्या छोट्या संगणकाच्या २०१४ सालच्या बी-प्लस नमुन्यात हेच तत्त्व दिसते. पाच व्होल्टचा पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टखाली गेला की एक स्वतंत्र संसूचक तसे कळवितो आणि तांबडा दिवा विझतो. निर्णय संसूचक घेतो. संगणकाने तो फक्त वाचावयाचा असतो.

पुरवठा हीच बॅटरी असेल तर

वरील सर्व मांडणीत रेग्युलेटर होता. नियंत्रक एकाच लिथियम घटावर, रेग्युलेटरविना चालत असेल, तर प्रश्न पालटतो. घटाचा दाब ४.२ वरून ३.० व्होल्टवर उतरताना विभाजकातून येणारा दाब ज्या प्रमाणात उतरतो त्याच प्रमाणात पिनेचा उंबरठाही उतरतो, कारण तो पुरवठ्याचा ठराविक अंश असतो. मोजपट्टी आणि कापड दोन्ही सारखीच आटली, तर मापात फरक दिसणार कसा? अशी पिन अखेरपर्यंत एकच उत्तर देत राहते.

येथे विभाजक काढून पिनेवर एक स्थिर दाब ठेवावा. उदाहरणार्थ, अल्प प्रवाहावर चालणाऱ्या तांबड्या प्रकाश-डायोडवरील सुमारे १.७ व्होल्ट. उंबरठा पुरवठ्याच्या निम्मा निघाला असेल, तर पुरवठा ३.४ व्होल्टवर असेतोवर १.७ व्होल्ट हे उंबरठ्याखाली राहून शून्य वाचले जातात. पुरवठा त्याखाली उतरताच उंबरठा त्यांच्या खाली जातो आणि उत्तर एक होते. पिनेवरील दाब स्थिर व उंबरठा चल, अशी ही उलटी तुलना आहे. डायोडचा दाब दर अंशास सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. तापमान ४० अंशांनी बदलले तर तो ०.०८ व्होल्टने सरकेल, आणि घटाची सीमा ०.१६ व्होल्टने. इशाऱ्यासाठी हे चालेल. उरलेल्या भाराचे गणित यावर करू नये.

निवड

या पद्धतींपैकी कोणती घ्यावी हे प्रश्नावरून ठरवावे. एकच यंत्र असेल आणि ते अधूनमधून तपासता येत असेल, तर अंशशोधित विभाजक व तिसरा रोध पुरेसा होतो. दाबाचा कल दिवसेंदिवस नोंदवावयाचा असेल तर काळाची गुणोत्तर-पद्धत घ्यावी. एकसारखी वीस यंत्रे दूर ठेवावयाची असतील, तर प्रत्येकाचे अंशशोधन करण्यापेक्षा बाह्य संदर्भ घेणे शहाणपणाचे. तिन्ही ठिकाणी वाचन केव्हा घेतले, हेही महत्त्वाचे आहे. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल आणि संदेश पाठविताना २ अँपिअर प्रवाह जात असेल, तर त्या क्षणी दाब ०.२ व्होल्टने कमी दिसेल. म्हणून भार नसताना वाचावे, काही सेकंदांच्या अंतराने अनेकदा वाचावे, आणि बहुमताने निर्णय करावा.

नोंदवहीत केवळ ‘बॅटरी ठीक’ असे लिहिण्याची प्रथा मात्र सोडावी. कोणत्या सीमेशी तुलना केली, त्या सीमेची अनिश्चितता किती, आणि तिचे अंशशोधन केव्हा व कोणत्या तापमानाला झाले, हे त्या शून्य-एकाशेजारी लिहिलेले असले, तर वर्षभराने ती नोंद हाती घेणाऱ्या संशोधकालाही तिच्यावर किती विसंबावे हे ठरविता येईल.